जसा होता तसाच फोन

—नाही, नाही, बसा ना, पिशवी माझीच आहे, उचलतो. तुमचा नंबर कितवा? मग आहे अजून वेळ. आणि त्या यंत्रावरच्या आकड्यावर जाऊ नका, मधेच दोन-दोन आकडे गिळतं ते. तुमचं काय, काच फुटली? मग चिंता नको. काच फुटलेल्यांचं बरं असतं इथे—येतात, बदलून घेतात, जातात. माझा चौथा महिना चाललाय. हसू नका हो, चौथा म्हणजे खरंच चौथा. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी इथे. काउंटरवरची ती पोरगी आहे ना, चष्मा लावलेली, तिनं परवा मला विचारलं, काका, पंख्याखाली बसता का, तिथे उकडतं तुम्हाला. म्हणजे बघा, कामाचं नाव नाही पण माझ्या बसण्याची व्यवस्था झाली.

काय झालं म्हणता? सांगतो ना, वेळच वेळ आहे. फोन घेतला मी पूर्ण किंमत देऊन, अनलॉक—म्हणजे कुठल्याही कंपनीचं सिम घाला, चालणार. मुद्दाम तसाच घेतला. कारण मी राहतो दगडखाणीच्या पलीकडे, खोलगटात, तिथे मोठ्या कंपनीची रेंज औषधालाही नाही. एका लहान कंपनीचा एकच टॉवर आहे, तेवढा पोचतो. माझा नंबरही तिचाच, एकोणीस वर्षं जुना. बरं, फोन सात महिने झक्क चालला, आणि एके दिवशी सकाळी उठून बघतो तर पडदा काळा ठिक्कर. वॉरंटी होती, आणून दिला. म्हणाले, दुरुस्त होत नाही, बदलून देऊ. मी खूश! पंधरा दिवसांनी बदली फोन आला, घरी नेला, सिम घातलं—तर पडद्यावर काय, 'हे सिम या फोनवर चालणार नाही'. मोठ्या कंपनीला बांधलेला फोन! तिचं सिम घातलं तरच बोलणार, आणि ती कंपनी माझ्या घरात पोचत नाही. टकल्याच्या हातात कंगवा. परत आणला. महिन्यानं दुसरा दिला. तोही बांधलेला! ये रे माझ्या मागल्या.

आता या काउंटरवरच्या पोरीला विचारलं, असं का गं? तर म्हणे, काका, सिस्टिममध्ये मॉडेल दिसतं, बांधलेला की मोकळा ते दिसत नाही. वरच्या ऑफिसला फोन केला, तर तिथला साहेब म्हणतो, दुकानात बोला. दुकानात बोललं की वरच्या ऑफिसात. तो साहेब मला कधी दिसलेला नाही, नुसता आवाज, उंटावरून शेळ्या हाकतोय. पोरीचा दोष नाही हो. ती बिचारी दर वेळी माझाच अर्ज नव्यानं भरते. एकदा तर तिलाच रडू आलं, मलाच म्हणावं लागलं, असू दे, होईल. आणि मग एक दिवस त्यांनी काय करावं? वरच्या किमतीचा फोन पाठवला! मोठा पडदा, तीन कॅमेरे. म्हणे वॉरंटीत लिहिलंय, 'समान किंवा त्याहून चांगला'. आणि तोही बांधलेलाच. मी म्हटलं नको. इथे बसलेले सगळे माझ्याकडे बघायला लागले, म्हातारा वेडा आहे की काय.

वेडा नाही. अहो, मी चौतीस वर्षं वजनमापं खात्यात काढली. निरीक्षक होतो. दुकानोदुकानी जायचं, आपली खात्रीची वजनं तराजूत टाकायची, काटा बघायचा. माझ्यापुढे कुणी म्हणायचं, साहेब, आमचं वजन जास्त भरतं, गिऱ्हाइकाचा फायदाच आहे की! मी म्हणायचो, किलोला अकराशे ग्रॅम भरणारं वजनसुद्धा खोटंच. जेवढ्यास तेवढं. कमी नको, जास्त नको. मला घाबरायचे लोक. मी गल्लीत शिरलो की पुढच्या दुकानात निरोप जायचा. चहा घेतला नाही मी कुणाचा चौतीस वर्षांत, पाणीसुद्धा बाटली नेऊन प्यायचो. आमची ही असती तर तिनं सांगितलं असतं तुम्हाला—ती म्हणायची, तुम्ही माणसाशी बोलतानासुद्धा आधी त्याला तराजूत घालता. गेली ती. सहा वर्षं झाली.

काय? सिम दुसऱ्या कुठल्याही फोनमध्ये घालायचं? साधा बटणांचा, स्वस्तातला? हो—हो, चालेल की. चालेल. सगळे तेच सांगतात. किराणावाला सांगतो, शेजारचे मास्तर सांगतात. पण प्रश्न फोनचा नाहीये हो, प्रश्न तत्त्वाचा आहे. मी जे दिलं, ते मला परत मिळायला पाहिजे. आज मी बटणांचा फोन घेऊन गप्प बसलो, की हे म्हणणार, बघा, म्हाताऱ्याचं भागतंय. उद्या दुसऱ्या कुणाला— तसं नाही, भागत नाहीच. अडचण होतेच. नंबर बंद पडू नये म्हणून दर महिन्याला त्यात पैसे भरतो मी, न चालणाऱ्या नंबरात. का म्हणजे? नंबर जायला नको ना. तो नंबर माझ्या मुलीकडे आहे.

एकच मुलगी. तुमच्याच वयाची असेल. नाही, भेटत नाही, लांब राहतात ती आणि जावई. तिचा नंबर बदललाय, माझ्याकडे नाहीये. माझ्या बहिणीकडे आहे, तिच्या आत्याकडे. आत्याशी बोलते ती. बहीण म्हणाली, देऊ का तुला? मी म्हटलं, नको, तिनं स्वतः दिलेला नाही तर मी चोरून कशाला घेऊ. पण एवढा निरोप दे म्हटलं—बाबांचा नंबर तोच आहे म्हणावं. बाबा म्हणाले, माझं चुकलं. तुला वाटेल तेव्हा फोन कर, रात्री-अपरात्री कर. बहिणीनं निरोप दिला. गुरुवारी दिला. आणि पुढच्या बुधवारी हा फोन मेला! सांगा आता. अडीच वर्षांनी मी तोंड उघडलं, आणि सहा दिवसांत फोन गेला.

त्या सहा दिवसांत? नाही. नाही आला. पण सहा दिवस म्हणजे काय हो, विचार करायला वेळ लागतो माणसाला. तिला तर लागणारच. आईवर गेलीय ती, पटकन बोलत नाही, पण एकदा ठरलं की मग ऐकत नाही कुणाचं.

भांडण—भांडण असं नाही. भांडायला दोघं लागतात. तिनं आणि जावयानं धान्याचं दुकान काढलं, माझ्याच हद्दीत. मी सांगितलं होतं, दुसरीकडे काढा. तिला वाटलं बाबा जवळ असलेले बरे. आठवडा झाला नव्हता दुकानाला, दारावरचा हार वाळला नव्हता, आणि मी तपासणीला गेलो. बरोबर कारकून होता. किलोला पंधरा ग्रॅम कमी. जुना तराजू घेतला होता जावयानं, घासलेला. तिला माहीतच नव्हतं, मला शपथेवर माहीत आहे की तिला माहीत नव्हतं. तोंड इतकंसं झालं तिचं. म्हणाली, बाबा, आजच्या आज दुरुस्त करून आणतो. मी सील ठोकलं. दारावर नोटीस लावली. स्वतःच्या हातानं खळ लावून लावली. नव्या दुकानाच्या दारावर खोट्या वजनाची नोटीस म्हटल्यावर कोण चढणार पायरी? दोन महिन्यांत गुंडाळलं त्यांनी.

नियमच होता म्हणता? हो. नियम होताच. पण—आता तुम्हाला सांगायला काय, तुम्ही कोण, मी कोण. पहिल्या खेपेला इतरांना मी दोन दिवस द्यायचो. सगळ्यांनाच. पंधरा-वीस ग्रॅम इकडेतिकडे असलं की म्हणायचो, दोन दिवसांत दुरुस्त कर, मी परत येतो. नियमात बसत होतं ते. त्याच दिवशी सकाळी एका गूळवाल्याला दिले होते दोन दिवस, तिच्या दुकानापासून चौथं दुकान. तिला नाही दिले. लोक काय म्हणतील? कारकून बघत होता. चौतीस वर्षांचं नाव. मुलीला सोडलं म्हणतील. तिला ते गूळवाल्याचं कळलं मग. संध्याकाळी घरी आली, रडली नाही, ओरडली नाही, दारातच उभी राहिली, म्हणाली, बाबा, परक्याला दोन दिवस देता, मला एक नाही? एवढंच. मी काय म्हणालो माहिती आहे? मी म्हणालो, चप्पल काढून आत ये. मला दुसरं काही सुचलंच नाही गं. तू—माफ करा, तुम्ही. तोंडातून गेलं.

आणि बटणांचा फोन आहे माझ्याकडे. घरी आहे. बहिणीनंच आणून दिला, पहिल्याच आठवड्यात, तिच्या हातचा जुना. म्हणाली, तोवर यात घाल सिम. चालू आहे तो, मी रोज चार्ज करतो. सिम घातलेलं नाही. का म्हणजे—असं बघा, घातलं की कळणारच ना. कंपनीवाले मेसेज पाठवतात म्हणे, तुमचा फोन बंद असताना अमक्यानं इतक्या वेळा केला म्हणून. मास्तरांना आले होते, एकदम अकरा. मग माझे किती येतील? आणि नाहीच आले तर? आणि त्यानंतरही तो फोन रोज समोर ठेवायचा, आणि तो वाजायचा नाही? आत्ता कसं आहे, तिनं केला असेल, लागला नसेल. कंपनीची चूक आहे. मला आहे ते सहन होतं. बहिणीलाही सांगून ठेवलंय, तिला परत काही विचारायचं नाही. भीती वाटते हो. दुकानदारांना घाम फोडणारा माणूस मी, आणि या वयात एवढ्याशा सिमची भीती वाटते.

—ती बघा, ती पोरगी इकडेच येतेय. हातात खोकं आहे. बस गं, बस, धावत कशाला आलीस? काय म्हणतेस? आला? मोकळा आहे? नक्की? तुमचं तपासणीचं सिम घाल बघू, त्याच लहान कंपनीचं... लागला. ऐकलंत, वाजतोय. मॉडेल तेच. हो, आकारही तोच आहे. शाब्बास पोरी, तू करून दाखवलंस, साहेबाला नाही जमलं ते. काय? माझं सिम? आहे ना, खिशातच असतं, तुम्ही दर वेळी मागता म्हणून. देतो. एक मिनिट, देतो—

थांब. उलटा कर बघू. पाठ करडी आहे याची. माझा निळा होता. करडाच आहे गं, उजेडात धर. पावतीवर काय लिहिलंय वाच—निळा. रंगानं काय होतंय? अगं, होतं. जे दिलं ते परत मिळायला हवं, एवढंच म्हणतोय मी पहिल्यापासून. नाही, ठेवून बिवून घेणार नाही. परत पाठव. रागावू नकोस, तुझ्यावर नाही राग माझा. लिही, गिऱ्हाइकानं नाकारला. सही कुठे करू, इथे? हे घे, केली.

आणि तुम्ही असं बघू नका हो माझ्याकडे. जा. जा तुम्ही तुमच्या कामाला.