जेठानीच्या हातची गुटी

लिहा तुम्ही, माझं काही नही, पन आधी सांगा हे वाचनार कोन, कारन मी कोनापाशी बोलनारी बाई नही, मेहरूणच्या आमच्या गल्लीत कोनालेबी इचारा. माझं माहेर यावलकडलं, केळीच्या मळ्यातलं. बाप माझा कोनावर भरोसा ठेवनारा नव्हता. घड उतरवाले मानसं आले का हा बांधावर उभा, मानसं गेले का परत बठ्ठा, म्हंजे सगळा मळा फिरून पाहे. दुसऱ्याच्या घरचं पानी प्यायचं नही, मानूस गोड बोलला का समजायचं याले काही पाहिजे, असं तो आम्हाले शिकवे. माय लवकर गेली, म्हनून जे शिकली ते बापाचंच शिकली. काय सांगू तुम्हाले, हसून बोलनाऱ्या मानसाचं मले अजूनबी भेव वाटते.

लग्न झालं आन मेहरूणले आली. घरात दोघं भाऊ, थोरले आन माझे मालक. मालक भुसावळले रेल्वेत, सकाळच्या गाडीनं जात आन अंधार पडता येत. थोरले शेती पाहात. त्यायची बायको, माझी जेठानी, म्हंजे मोठी जाऊ, ती धुळ्याकडल्या सोनगीरची, तिले एक लहानगा पोरगा. तिले बठ्ठे अक्का म्हनत, मीबी म्हने. तिची बोली अहिरानी, आमची येगळी. चुलीपाशी बसली का ती आपल्याच तोंडात काहीतरी पुटपुटत ऱ्हाये, आन मले वाटे, माझंच बोलून राहिली. एक दिवस मी म्हटलं काय म्हनता अक्का, त म्हने काही नही वं, मीठ जास्त पडनं. मले ते खरं नही वाटलं. मिठासाठी मानूस इतकं बोलते का.

मंग ते झालं. पासष्ट-सहासष्टची गोष्ट असंल. पोरगी माझी सुमन, ती चार-पाच वर्साची व्हती आन तिच्या पाठीवर पोरगा झाला व्हता, काही महिन्यांचाच. थंडीचे दिवस. त्याले सर्दी झाली, रातभर रडे, आन मी जागून जागून अर्धी झाली. एका संध्याकाळी अक्का म्हने, दे मनाकडे, म्हंजे माझ्याकडे दे, तू जरा आंग टाक. मी दिला. पडली ती झोपलीच. जाग आली तवा अक्का त्याले मांडीवर घेऊन गुटी पाजत व्हती, वाटी खाली, चमचा हातात. सकाळी पोराले श्वास लागला. दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हने छाती कफानं भरली, लय उशीर झाला. दुपारी पोर गेलं.

डॉक्टर बोलला ते मालकानं ऐकलं, थोरल्यानं ऐकलं, मी नही ऐकलं. मी वाटी पाहिली व्हती.

शेजारच्या बाईनं मले एका भगताकडे नेलं. त्यानं तांदूळ टाकले, नाव कोनाचं घेतलं नही, निसता म्हने, घरातलीच बाई हाय, तुझ्याहून मोठी. आमच्या घरात माझ्याहून मोठी बाई एकच व्हती.

घरी येऊन मी चूल येगळी मांडली. मालक म्हने तुझं डोकं फिरलं, मी म्हटलं फिरू द्या. पान्याचं मडकं येगळं, पीठ येगळं, आन पिठाच्या डब्यावर बोटानं रेघ ओढून ठेवायची, परत आली का पाहायची रेघ मोडली का. सुमनले बजावलं, अक्काच्या हातचं काही खायचं नही, देईल तर आधी वास घे आन मले आनून दाखव. अक्कानं एकदा तिले लाडू देला, पोरीनं तो तसाच मुठीत माझ्याकडे आनला, मी उकिरड्यात फेकला. अक्का दारातून पाहात व्हती. काही बोलली नही. मी म्हटलं, पाहा, बोलत नही, म्हंजे काहीतरी असंलच.

पन माझंच खानं तुटलं. वैद्यानं काढे देले, ते मी ओतून देले, वैद्यालेबी कोनी सांगितलं असंल म्हनून.

तवा मी गावात एका मारवाड्याच्या घरी धान्य निवडाले जाये. त्या घरची म्हातारी शेठानी, केसरबाई, जैन, विधवा. दुपारी ती आसनावर ध्यानाले बसे, तोंडाले पांढरी पट्टी बांधून, समोर वाळूचं घड्याळ उलटं करून ठेवी, आन वाळू सरेपर्यंत जागची हाले नही. मले वाटे, तोंड झाकून ही काय म्हनत असंल. एक दिवस पट्टी सोडून मले म्हने, बाई, तू निवडताना रडतेस, तुला ठाऊक आहे का? मी म्हटलं, मिरचीचा हात लागला. मिरची घरात नव्हतीच. घरी जाताना रस्ताभर इचार केला, हिले काहून जानायचं, ही कोनाले सांगनार.

मंग त्यायचं पर्युषण, ते उपासाचे दिवस, सरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्यापुढे येऊन हात जोडून उभी. खमत खामणा, म्हने, वर्षभरात माझ्याकडून तुझं मन दुखलं असेल तर माफ कर. शेठानी, आन माझ्यापुढे हात जोडते. मी घाबरली. हिनं माझं काय केलं असंल, का माफी मागते, हाच घोर किती दिवस डोक्यात.

असं किती दिवस चाललं असतं कोन जाने. एका सकाळी मी सुमनले भाकर देली, दूध देलं. पोरीनं भाकर नाकापाशी नेली, वास घेतला, मंग तुकडा मोडून माझ्यापुढे धरला. आई, तू खाय पहिले.

मी तिची माय. माझ्याच हातची भाकर.

मी तो तुकडा खाल्ला, तिच्यासमोर दूधबी प्याली, तवा कुठी ती जेवली. आन मी उठून तशीच शेठानीकडे गेली, कामाले नही, तिच्या आसनापाशी जाऊन बसली. म्हटलं, माझी पोर मलेच भ्यायली.

ती म्हने, भीती वाटते तेव्हा तू काय करतेस?

मी म्हटलं, कोनी केलं ते शोधते.

ती म्हने, आज शोधू नको. आज त्या भीतीला जवळ बसव, पोरीला बसवतेस तशी, आणि विचार तिला, तुला कशाचं भय आहे.

मले वाटलं, हे काय खूळ. पन बसली. डोळे मिटले का तेच दिसे, वाटी, चमचा. पुढच्या दिवशीबी बसली, त्याच्या पुढच्या दिवशीबी. आन एक दिवस वाटी नही दिसली, मी दिसली. गोधडीत झोपलेली. आन माझ्या तोंडातून निघालं, मी काहून झोपली. पोर मरनाच्या वाटेवर आन माय झोपली. इतके महिने मी अक्काले धरून बसली व्हती, आन खाली हे दबलेलं व्हतं.

शेठानीनं तोंडाची पट्टी सोडली. म्हने, ती झोपलेली बाई किती रात्री जागली होती? तिला कोणी म्हटलं का, बाई, तू थकली होतीस? मी म्हटलं, नही. म्हने, मग तूच म्हण. सगळ्यांना खमत खामणा म्हणतो आपण, स्वतःला राहून जातं.

मले म्हनता आलं नही. लय दिवस नही आलं. रडता आलं तेवढं रडली.

मंग एका दुपारी घरी कोनी नसता अक्काच्या चुलीपाशी जाऊन बसली आन इचारलं, त्या संध्याकाळी काय झालं ते सांगा. मनात तरीबी व्हतंच, आता ही काय बनवून सांगते पाहू. अक्का तवा उतरवून खाली बसली. म्हने, जायफळ उगाळं, जरा मध टाकं, पहिले मी जिभले लाई पाही, मंग पोऱ्याले दिधं. तो हासना. मनाकडे देखी हासना, म्हंजे तिच्याकडे पाहून हसला. आन मंग तिचा आवाज फाटला. म्हने, तू तोंड फिराई लिधं, मी कोनाले सांगू? मनाबी मांडीवरला पोऱ्या गया.

तवा मले कळलं, पोर गेल्यापासून ती चुलीपाशी जे पुटपुटे, ते ती त्या पोरापाशीच बोलत व्हती, बठ्ठे महिने.

त्या दिवसापासून चूल परत एक झाली, पन म्हनून सगळं गोड झालं, असं लिहू नका. संशय माझ्या आंगातला हाय, तो गेला नही. दुकानदारानं चिवडा जास्त बांधला तरी मी म्हनते, काहून. पन आता तो आला का मी त्याच्यामांगे पळत नही, आन त्याले हाकलतबी नही. शेठानी गेली, तिच्या जाग्यावर तिची सून बसते. सुमन धुळ्याले शिकते, नर्सबाई व्हनार हाय, आन कोनाच्याबी घरी जेवते.

मांगच्या महिन्यात अक्काच्या पोराले पोरगा झाला. सुनेले माय नही, म्हनून बाळंतपन आमच्याचकडे. सुईनीनं पोर धुऊन अक्काच्या हातात देलं. घरात थोरले व्हते, पोराचा बाप व्हता, व्याही व्हते. अक्का बठ्ठ्यायले ओलांडून माझ्यापाशी आली आन म्हने, धर, तुना नातू शे.

माझ्या मनात आलंच, मलेच पहिले काहून. आलं ते येऊ देलं. मंग मी मांडी घातली आन पदर पसरला. जड व्हतं लेकरू, चांगलं जड. देव त्याले औक्ष देवो, आन तुमच्या घरी लेकरं असतील, त्यायलेबी देवो.