अकराचे साडेबारा

ठकी : मुंग्या? एवढी खोकी भरलीत ती मुंग्यांमुळे?

दादा : अगं, रांगच्या रांग! जाऊन बघ... नाही, आत नको जाऊस. औषध मारलंय.

ठकी : दादा, मी आतच उभी आहे. तुझ्याच स्वयंपाकघरात. एक मुंगी दिसत नाहीये. तांदूळ, साखर, जॅम, मैदा, बटाट्यांची अख्खी टोपली, सगळं खोक्यांत. घर बदलताय की काय?

दादा : वहिनीला विचार. खोकी तिने आणलीत, पोस्टातून.

वहिनी : मला मध्ये घेऊ नका हं. आठवडाभर काउंटरवर बोलून घसा बसतो माझा. घरी आल्यावर थापा मारायला जमत नाही.

ठकी : म्हणजे थाप आहे!

दादा : झालं. पोस्टातली बाई, पण एक गुपित पाकिटात राहील तर शपथ. ठके, तू माझी पँट द्यायला आली होतीस ना? दे आणि नीघ. दुकान उघडं टाकून आली असशील.

ठकी : शनिवारी दुपारी शिवणकाम बंद असतं, तुला माहीत आहे. आणि पँटची कंबर सोडलीय, पण या खेपेला शिवणीत कापडच उरलं नव्हतं. मागून त्रिकोणी तुकडा जोडावा लागला. बस चालवता चालवता स्वतःच बस व्हायला लागलायस तू.

दादा : तेच तर! म्हणून डाएट. सोमवारपासून पाव बंद, भात बंद, साखर बंद. कार्ब्ज म्हणून जे जे काही असतं, ते बंद. झालं समाधान?

ठकी : डाएट? तू? डेपोत ज्याला 'डबल टोस्ट' म्हणतात, तो?

दादा : माणूस बदलतो गं.

ठकी : तू नाही बदलत. सख्खी बहीण आहे मी तुझी. गेल्या वर्षी डेपोच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्यांना म्हणालास, पोट हा ब्रेकचाच एक भाग आहे. मग आता अचानक काय झालं? वहिनी, फ्रिजवर हा कागद कसला?

वहिनी : अहो, कागद काढून ठेवा म्हणून सकाळी दोनदा सांगितलं होतं मी.

दादा : तो होय? आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला तक्ता. नाश्त्याला दोन अंडी, दुपारी पालेभाजी, काकडी, दही... ठके, दे इकडे.

ठकी : हा शिक्का ओळखते मी. आठवड्यातून तीनदा त्याच इमारतीत जाते. डाव्या हाताला आमचं डायलिसिस, उजव्या हाताला हे. 'मूत्रपिंड दाता तपासणी विभाग.' दादा!

दादा : हं.

ठकी : मी नाही म्हटलं होतं.

दादा : म्हटलं होतंस. दोन वर्षांपूर्वी. मी ऐकलंही होतं. ऐकलं म्हणजे मानलं, असं कुठे असतं?

ठकी : हसण्यावारी नेऊ नकोस. तुला सुई बघून चक्कर येते.

दादा : आली ना. तीनदा आली. दुसऱ्या वेळी तर नर्सच्या अंगावरच पडलो. ती बिचारी म्हणाली, काका, आधी वजन उतरवा. मोठ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, फक्त जरा सभ्य शब्दांत. रक्त जुळलं, बाकीचं सगळं जुळलं, दोन्ही किडन्या ठणठणीत. वजन तेवढं अकरा किलो जास्त. ते उतरलं की पुन्हा तपासणार आणि तारीख देणार.

ठकी : जुळलं?

दादा : जुळलं, ठके.

ठकी : नको. मला नको. तुला काही झालं तर मी हिच्याकडे कुठल्या तोंडाने बघू? वहिनी, तू तरी अडवायचंस ह्याला.

वहिनी : मी कशी अडवणार? आधी मीच जाऊन आले होते.

ठकी : कुठे?

वहिनी : त्याच उजव्या हाताच्या दारात. मार्चमध्ये, रजा टाकून. ह्यांनाही सांगितलं नव्हतं. माझा रक्तगट नाही जुळला. त्या दिवशी घरी येऊन एवढी चिडचिड केली मी, की ह्यांना वाटलं पोस्टात भांडण झालं.

दादा : मला वाटलं, मी ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून.

वहिनी : तोही टाकला होतात. मग दोन दिवसांनी सांगितलं ह्यांना. ह्यांनी लगेच सकाळची फेरी दुसऱ्याला दिली आणि गेले. तेव्हा माझ्याकडे कुठल्या तोंडाने बघायचं, हे सोड तू. आहे त्याच तोंडाने बघ.

(ठकी स्टूल ओढून बसते. नाक ओढल्याचा आवाज येतो; नक्की कोणाचा, ते कळत नाही.)

ठकी : वजन किती आहे आत्ता?

दादा : चौऱ्याण्णव.

वहिनी : खरं सांगा.

दादा : साडेपंच्याण्णव. पण तपासणीत चौऱ्याण्णवच होतं, आईशप्पथ! मग मी ठरवलं, एकदम तोडायचं नाही, एकेकाचा नीट निरोप घ्यायचा. सोमवारी भाताचा घेतला, मंगळवारी बटाट्याचा, बुधवारी केकचा. गुरुवारी पुन्हा केकचा.

वहिनी : बुधवारी मनासारखं बोलणं झालं नव्हतं म्हणे.

ठकी : म्हणजे नुसत्या तयारीतच दीड किलो वाढवलंस? अकराचे साडेबारा झाले की रे!

दादा : आज पावाचा निरोप आहे. लोणी, वर जॅम. एकच टोस्ट...

ठकी : ठेव खाली. सोमवार-बिमवार काही नाही, आजपासून. दोन वर्षं पथ्यात काढलीत मी, ह्या विषयात माझी पीएच.डी. झालीय. पहिली गोष्ट. लपवलेलं बाहेर काढ.

दादा : काय लपवलेलं?

ठकी : बिस्किटं. लहानपणी माझ्याच दप्तरात लपवायचास. मला नको शिकवू.

दादा : रेडिओच्या मागे एक पुडा आहे.

वहिनी : आणि?

दादा : रेनकोटच्या खिशात एक.

वहिनी : आणि?

दादा : अवजारांच्या पेटीत. पान्याखाली.

वहिनी : अहो, मला रेनकोटातलाच तेवढा माहीत होता!

दादा : आणि बसमध्ये, प्रथमोपचाराच्या डब्यात. पण तो अडीअडचणीसाठी आहे.

ठकी : कसली अडचण?

दादा : सिग्नल लांबला तर.

वहिनी : बघा, हसली! किती दिवसांनी हसतेय ही.

ठकी : हसू नको तर काय करू? प्रवाशाला लागलं तर त्याच्या गुडघ्याला क्रीमचं बिस्कीट बांधणार का रे? बरं, दुसरी गोष्ट. पहिला आठवडा जड जातो. डोकं दुखेल, उगाच राग येईल. माझ्या स्वप्नात केळी यायची, घडच्या घड. तुझ्या स्वप्नात पाव येईल. आला की मला फोन कर.

दादा : मग तू धीर देशील?

ठकी : शिव्या घालीन. त्याने जास्त बरं वाटतं. आणि उपास करायचे नाहीत. तक्त्यात लिहिलंय तेवढं पोटभर खायचं. गरगरायला लागलं, तर शूरपणा न करता बस बाजूला लावायची आणि डेपोत कळवायचं.

दादा : हो, साहेब.

ठकी : आणि ती पँट आण इकडे. तुकडा उसवते.

दादा : अगं, मग सोमवारी कामावर काय घालून जाऊ?

ठकी : ...बरं. महिनाभर राहू दे. जास्त नाही.

दादा : ठके, म्हणजे हो ना? मी खोकी भरली ती फुकट नाही ना गेली?

ठकी : आधी साडेबारा उतरव. मग विचार.

दादा : तुझ्या 'मग विचार'चा अर्थ मला चांगला माहीत आहे.

ठकी : माहीत आहे तर विचारतोस कशाला? डोळे पूस आधी. एवढा मोठा ड्रायव्हर, टोस्टकडे बघून रडतोय असं वाटेल कुणाला.

दादा : थोडं त्यासाठीही आहे.

वहिनी : ठके, आज जेवायला थांब.

ठकी : नको गं. माझं सगळं वेगळं असतं. हे दोनदा उकळा, ते मोजून घ्या. दुसऱ्याच्या ओट्यावर कटकट कशाला? घरी जाऊन करीन मी.

वहिनी : दोन वर्षं हेच सांगून निघून जातेस. आता ह्यांचंही वेगळं झालं. वेगळं नाही अशी मीच एकटी उरलेय ह्या घरात. तीन भांडी चढवते.

दादा : गॅसला चार बर्नर आहेत. चौथ्यावर...

वहिनी : चौथ्यावर काही नाही.

ठकी : बरं, थांबते. पण वहिनी, माझ्यात मीठ...

वहिनी : नाही घालत. केव्हाचं शिकून ठेवलंय गं तुझं सगळं. तूच थांबत नव्हतीस.