इंजिन बंद, खरखर चालू

घाला ना हात, मार्तंडकाका. अजून आत — रेडिओच्या मागे, डावीकडे. आणि डावीकडेच कसा गेला हो तुमचा हात? मी तर एवढंच म्हटलं की रेडिओ खरखरतोय. तुम्ही बॉनेट नाही उघडलंत, एरियल नाही हलवलीत, थेट डॅशबोर्डाखाली. काय झालं, सापडत नाहीये? शोधा, शोधा, मला घाई नाही. प्रांजल मागे झोपलीय, पाऊण तास तरी उठत नाही. ती फक्त या गाडीतच झोपते. घरात नाही, पाळण्यात नाही, सासूबाईंच्या मांडीवर तर नाहीच — बाबांच्या या खटारा एट-हंड्रेडमध्ये झोपते, म्हणून तर मी रोज दुपारी गाडी काढते. मुलुंडभर गॉसिप आहे म्हणे, ही बया पोर घेऊन जाते कुठे. कुठे जाणार, सिग्नलपर्यंत जाते आणि परत येते.

मी आधी स्वतःलाच दोष दिला, खोटं कशाला बोलू. दीड वर्ष तेवढंच जमतंय मला. पोर रडली — मी चुकले. दूध उतू गेलं — मी चुकले. मग रेडिओ बोंबलतोय तर तोही माझ्याच डोक्यात बोंबलत असणार. पण फिजिक्समध्ये बी.एस्सी. केलंय ना, डायपर उलटा लावत असले तरी. आणि बाबांनी शिकवलेलं, इथेच, तुमच्या दुकानासमोर — रेस दिल्यावर चढतो तो आवाज अल्टरनेटरचा, रेसबरोबर भराभर टिकटिकते ती प्लगची वायर, आणि इंजिन बंद करूनही जो जात नाही तो गाडीचा नव्हेच, पाहुणा आहे. तर हा पाहुणा. इंजिन बंद आणि दर दोन मिनिटांनी टर्र-टर्र-टर्र. मग काल सकाळी बाबांचा छोटा ट्रान्झिस्टर काढला, एएमवर दोन स्टेशनांच्या मधे लावला आणि डॉक्टर स्टेथोस्कोप फिरवतो तसा फिरवला गाडीभर. डिकीत गप्प, सीटखाली गप्प, डॅशबोर्डाच्या डावीकडे नेला तर नुसता किंचाळला. हात घातला — काडेपेटीएवढी काळी डबी. गाडी कुठे आहे ते फोनवर सांगणारी. करंट रेडिओच्या वायरीतून घेतलेला, आणि अर्थिंगही रेडिओच्याच बोल्टला. काका, एवढा मोठा पत्रा होता, रेडिओचाच बोल्ट बरा सापडला तुम्हाला.

तुम्ही नाही? बरं. मग टेपवर पांढऱ्या दोऱ्याची गाठ कोणाची? उन्हात टेपचा गोंद सुटतो म्हणून जोडावर दोरा बांधणारा अख्ख्या मुलुंडात एकच माणूस, असं बाबा कौतुकाने सांगायचे सगळ्यांना. हॉर्नच्या वायरीला तीच गाठ, वायपरला तीच, आणि त्या डबीला तीच. वीस वर्षं बाबांनी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही या गाडीला. बरं झालं, नाहीत ते आता.

आता ती डबी कुठेय विचारा ना. काल संध्याकाळी मी हॉर्न दाखवायला आले होते, आठवतं? तुमच्या खिळ्यावर सगळ्या चाव्या लटकत असतात, त्यात तुमच्या स्कूटरचीही. तिची डिकी उघडायला कितीसा वेळ लागतो? डबीच्या आत छोटी बॅटरी असते, दिवसभर टिकते. तुम्ही आठ वाजता भांडुपला घरी गेलात ना? माहितीय मला, कारण नवरा माझा, सर्वेश, जेवताना फोन बघत होता. मी समोर बसून आमटी वाढतेय, गाडी खाली उभी, आणि त्याच्या फोनवर गाडी चालली भांडुपला. घास तोंडात तसाच. मग म्हणाला, पाणी आलंय का बघून येतो. खाली जाऊन गाडीला हात लावून आला असणार. वर आला, पुन्हा फोन, पुन्हा मी. विचारणार कसा, विचारलं तर कबुली. इतकी चवीने मी वर्षभरात जेवले नव्हते, काका. दोनदा भात घेतला.

काय म्हणालात? कोणत्या पुलावर?

मनालीने सांगितलं असेल त्याला, आमच्याच बिल्डिंगमधली, ऑफिसहून येताना बघितलं असेल. हो, थांबले होते ऐरोलीच्या पुलावर, त्यात काय. मे महिन्यात. तेव्हा तुम्ही प्लगच्या वायरी बदलल्या नव्हत्या, खरखर इंजिनाची होती, इंजिन बंद केलं की थांबायची. मला फक्त बातम्या ऐकायच्या होत्या, नीट, आवाजाशिवाय. हॅझर्डचे दिवे लावलेले. वीस मिनिटं. पोरीला सीटवर ठेवून खाली उतरले, ते — कठड्याशी माणूस उभं राहत नाही का? वारा येतो तिथे. खाली बघितलं, हो, बघितलं, पाणी होतं. मग ती रडली. रडली म्हणून मी — परत येऊन बसले ना गाडीत. बसले ना?

रडला? तुमच्यासमोर? सर्वेश? इथे, या स्टुलावर?

असं. म्हणजे वायरी बदलल्यात त्याच दिवशी डबीही बसवलीत. माझ्यासमोर त्याचे डोळे कधी ओले नाही झाले, आणि तुमच्या ग्रीसच्या डब्याशेजारी बसून — आणि तुम्हालाही दया आली, आणि दोघांनी मिळून मला बांधलीत गाठ. त्याने तुम्हाला विचारलं, मनालीला विचारलं, गाडीला विचारलं दर दोन मिनिटांनी. एकानेही मला नाही विचारलं. एकदा म्हणायचं होतं ना, श्रुतिका, का थांबली होतीस.

वाजतोय तुमचा फोन. सकाळपासून कितवा? डबी बिघडली वाटतंय त्याला, काका दुरुस्त करा. नका उचलू. नाही, थांबा — द्या इकडे.

सर्वेश, मी आहे. काकांच्या दुकानात. ठेवू नकोस. आता विचार.

काका, तुम्ही जरा बाहेर जा. आणि दार हळू लावा, ती झोपलीय.