गाडीत एकच जागा

राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापाशी सकाळच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढे एक निवृत्त वनरक्षक आणि त्यांची बायको उभी होती. गाडीत एकच जागा उरली होती, ती बाईंनी घेतली.

“पाणी घेतलंस? ओळखपत्र?”

“दोन्ही पिशवीत आहे.”

“ही लाल शाल नको. मातकट रंगाचं काहीतरी घाल.”

“मग तुमचा स्वेटर द्या.”

“हा घे. गाडीतून खाली उतरायचं नाही. वाघ दिसला तरी ओरडायचं नाही.”

“तुमच्याशी संसार केलाय. न ओरडता राहायची सवय आहे मला.”

“माकडांना खायला देऊ नकोस. वाघ नाही दिसला तर हिरमुसू नकोस, पाणवठ्यावर पक्षी बघ.”

“अहो, बसा जरा. किती येरझाऱ्या घालाल?”

“परत कधी येशील?”

“तीस वर्षं दारात उभी राहून मी हेच विचारायचे. तुम्ही म्हणायचात, ते जंगलाला विचार.”

“चुकलंच माझं.”

“दहाला येते. तोवर खाऊन घ्या काहीतरी.”

गाडी आत गेली. ते कठड्याला धरून उभेच राहिले.

“काका, तिकडे बाक आहे,” मी म्हटलं.

“नको. इथून वळण दिसतं.”