तोंड दिसणारा डबा

कोणाच्या घरी जुनी वस्तू दिसली, तर ती मोलाची आहे असं तोंडातून चुकूनही काढू नका. मी काढलं, आन् आता हात चोळत बसलो.

मले खाण्यापिण्याच्या जुन्या जाहिराती जमवायचा नाद, हे तुम्हाले ठाऊकच आहे. मागच्या महिन्यात भंडाऱ्याहून सिहोऱ्याले मावशीकडे गेलो, तर तिथं पोह्याचा डबा दिसला. मुळात वनस्पती तुपाचा, आजीच्या काळातला. समोर पुऱ्या तळणाऱ्या बाईचं चित्र, आन् मागं शंकरपाळ्यांची अख्खी कृती छापलेली. असा डबा मी जन्मात पाहिला नव्हता.

म्हटलं, "मावशी, हा लय मोलाचा आहे. रिकामा करून ठेव, रविवारी नेतो."

रविवारी तिनं माझ्या हातात नुसता चकचकीत पत्रा दिला. बाई नाही, पुऱ्या नाही, एक अक्षर नाही.

"मावशे, चित्र कुठं गेलं?"

"निघता निघत नव्हतं रे बाप्पा! राखडीनं घासलं, तरी जाईना. मग पेंटरकडून थिनर आणलं. तू भंडाऱ्यात चार लोकाईले दाखवशील, मळकट कसा देऊ? पाह्य, तोंड दिसते त्यात."

दिसत होतं. रडकुंडीले आलेलं. पण घासू घासू तिच्या बोटांची सालं निघाली होती, तिले काय बोलावं?

तेवढ्यात तिनं आतून आणखी दोन डबे आणले.

"शेजारणीकडून मागून आणले तुझ्यासाठी. एकावर बिस्किट खाणारं पोट्टं होतं, एकावर चहा पिणारी बाई. पटकन निघाले दोघंबी."