कोंडवाड्यातला एकतिसावा वाफा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या शहराचे प्रथम नागरिक सन्माननीय लालासाहेब. त्यांच्या उजव्या हाताला बसलेले सन्माननीय मुख्याधिकारीसाहेब. बांधकाम समितीचे यच्चयावत सन्माननीय सदस्य. ज्यांच्या गौरवासाठी आपण इथे जमलो ते कोंडवाडा भाजीमळ्याचे सर्व वाफेकरी. आणि चहा मिळेल या आशेने शेवटपर्यंत थांबणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो,

विषयाकडे वळण्यापूर्वी मला एक गाऱ्हाणे मांडायचे आहे. ते व्यक्तिगत आहे, पण सार्वजनिक जीवनावर त्याचे परिणाम गंभीर झाले आहेत. मला घातलेला हा हार ओला आहे. वैशाखात फुले सुकू नयेत म्हणून कोणा कर्तव्यदक्ष माणसाने तो बादलीत बुडवून ठेवला असावा. अध्यक्षांचे विचार ऐकत मी पाऊण तास बसलो होतो, तेवढ्या वेळात या हाराचे पाणी थेंबाथेंबाने माझ्या सदऱ्याच्या खिशात उतरले. खिशात माझे भाषण होते. पहिले पान वाचले. दुसरे पान धुऊन गेले. दुर्दैव असे, की नगरपालिकेचे आपल्यावरचे उपकार मी नेमके दुसऱ्या पानावर मांडले होते. त्यांची निळी शाई माझ्या सदऱ्यावर उतरली आहे. जिज्ञासूंनी सभा संपल्यावर ते उपकार तिथे वाचावेत.

आता पहिले पान.

आपला मळा उद्या सकाळी आठ वाजता बंद होत आहे. त्या जागेवर बावीस गाळ्यांचे व्यापारी संकुल उभे राहील आणि मळ्याची स्मृती म्हणून त्याला ‘हरितधाम’ हे नाव देण्यात येईल, असे अध्यक्षमहाराजांनी आताच सांगितले. बाहेर टेबलावर त्याचा नकाशा ठेवला आहे. मी तो बारकाईने पाहिला. त्यात एक झाड दाखवले आहे. हिरव्या पेन्सिलीने. एवढ्या गाळ्यांत पेन्सिलीला जागा मिळाली, हेही थोडे नाही.

पहिले पान संपले. दुसरे गेले, म्हणून तोंडी सांगतो.

बाहेरगावच्या पाहुण्यांना ठाऊक नसेल, म्हणून सांगायला हवे, की ही जागा मुळात नगरपालिकेचा कोंडवाडा. मोकाट जनावर सापडले की इथे आणून कोंडायचे, मालकाने दंड भरून सोडवायचे. बहात्तरच्या दुष्काळात जनावरे मोकाट सुटायची थांबली. कोणी विकली, कोणाची छावणीत गेली, उरली ती चालण्याजोगी नव्हती. कोंडवाडा रिकामा पडला आणि नगरपालिका त्याला विसरली. विसरणे हे आपल्या नगरपालिकेचे सर्वांत मोठे लोककल्याणकारी कार्य आहे, असे माझे मत आहे. तिला जे जे आठवले, त्याचे काय झाले ते आपण पाहतोच.

त्या रिकाम्या कोंडवाड्याची किल्ली हरिबांकडे होती. हरिबा तिथले रखवालदार, सव्वीस वर्षे. जनावर कोंडले की आपल्या घरची पेंढी त्याच्यापुढे टाकणारा माणूस. म्हणायचे, “दंड मालकाला हाय, जनावराला न्हाई.” आणि कोयनानगरची खोली भूकंपात बसल्यापासून आपल्या गल्लीत राहायला आलेल्या मुक्ताबाई बनसोडे तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. त्यांनी एक दिवस फाटकातून आत पाहिले आणि म्हणाल्या, “हरिबा, आवं ह्या मातीत वीस वर्सं श्यान मुरलंय. हितं दगुड पेरला तरी उगवंल.”

हरिबांनी फाटक उघडले. कोणाला विचारले नाही. विचारायचे असते, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. विचारले की काय होते, हेही ठाऊक होते.

पहिली भाजी माठाची. मग अंबाडी. मग घरे जोडली गेली, आणि कोपऱ्यातल्या आडावर पाण्यासाठी भांडणे सुरू झाली, तेव्हा पलटणीतून नुकतेच आलेले हवालदार नाथाजी तोंडात शिट्टी घालून आडावर उभे राहिले. दोन घरांनी त्याच आठवड्यात मळा सोडला, कारण मुक्ताबाईंचा पोहरा आणि त्यांचा पोहरा एकाच आडात उतरणार होता. नाथाजी त्यांना म्हणाले, “लायनीत हुबा ऱ्हाईल त्येचा नंबर. पलटणीत पान्याला जात न्हाई इचारत. जायाचं तर जावा, डबल मार्च!” फाल्गुनात त्या घरांचे स्वतःचे आड आटले, त्याबरोबर शास्त्रार्थही आटला, आणि दोन्ही घरे रांगेत येऊन उभी राहिली. आज ती इथे पहिल्या ओळीत नारळ घेऊन बसली आहेत. मी नावे घेत नाही. त्यांची वांगी फार चांगली असतात.

अशी सात वर्षे. एकतीस घरे, एकतीस वाफे. सव्विसावा माझा. मी शाळामास्तर, वर साप्ताहिकात टवाळीचे सदर लिहिणारा. माझ्या वाफ्यात विनोदाखेरीज काही पिकणार नाही, असे लोक म्हणत. घेवडा आला. बायकोने तो तीन वेळा शिजवून खात्री करून घेतली.

मग नगरपालिकेला आपण एकाएकी कसे आठवलो?

अध्यक्षमहाराज म्हणाले, वरून सूचना आली. आपणा वाफेकऱ्यांचे मत वेगळे आहे. संक्रांतीनंतर फाटकावर नोटीस लागली. तिच्या आदल्या दिवशी हरिबांना मुख्याधिकारीसाहेबांच्या खोलीतून बाहेर पडताना तीन जणांनी पाहिले होते. त्याच आठवड्यात त्यांचे अडकलेले पेन्शन सुटले. दोन आणि दोन चार करायला आपल्याला मास्तर लागत नाही. नाथाजींनी हरिबांकडून किल्ली काढून घेतली. पाण्याच्या यादीतून नाव खोडले. सव्वीस अधिक सात वर्षे ज्या फाटकापाशी तो माणूस उठला-बसला, तिथून त्याला “घरभेद्या” म्हणून घालवले. चार महिने गल्लीतले कोणी त्याच्याशी बोलत नाही. पिठाच्या गिरणीत तो आला की बाया डबे उचलून बाजूला सरकतात. आज सत्काराच्या यादीत तीस नावे आहेत. एकतिसाव्याला बोलावले तर आम्ही येणार नाही, असे आपण लेखी कळवले होते. त्या पत्रावर माझीही सही आहे.

ती सही पाहून व्यासपीठावरचे दोन सद्गृहस्थ मनात काय म्हणाले असतील, याचा मी गेला आठवडाभर विचार करतो आहे. मुख्याधिकारीसाहेब, आपण पाणी घ्या. मीही घेतो.

दिवाळीच्या आधी मळ्यात एक बैठक झाली होती, आठवते? मीच बोलावली होती. माझे म्हणणे होते, की सात वर्षे आपण चोरासारखे राबतो, हे सुशिक्षितांना शोभत नाही. नगरपालिकेला अर्ज करू, जागा नियमित करून घेऊ, वर एक नळही मागू. मी अर्जाचा मसुदा वाचून दाखवला. तीन पाने. नाथाजींना ‘सविनय’ हा शब्द आवडला. पण मुक्ताबाई खुरपे खाली ठेवून म्हणाल्या, “मास्तर, बसल्याली म्हस कशापायी उठवताय? उठली की श्यान बी टाकंल आन् शिंग बी मारंल.”

सगळे हसले. हात वर करून ठरले, की अर्ज करायचा नाही. तीस विरुद्ध एक.

मंडळी, तो अर्ज गेला.

मीच दिला. तीन पानांचा इतका सुंदर मसुदा. त्यात जागेच्या चतुःसीमा होत्या. पूर्वेस सरकारी दवाखाना, पश्चिमेस ओढा. क्षेत्र बावीस गुंठे, हे मी पावलांनी मोजून घातले होते. जागा नगरपालिकेच्याच मालकीची असल्याचा पुरावा म्हणून कोंडवाड्याच्या जुन्या ठरावाचा क्रमांकही मी ग्रंथालयात बसून शोधून काढला होता. मला वाटले, मंजुरीचे पत्र येईल, मी ते मळ्यात उभा राहून वाचीन, आणि मुक्ताबाईंना कळेल की लिहिण्यात काय ताकद असते.

उत्तर अकरा दिवसांत आले. आपल्या नगरपालिकेच्या इतिहासात इतक्या त्वरेने कोणाला उत्तर गेले नसेल. ते माझ्या घरच्या पत्त्यावर आले, म्हणून तुम्ही पाहिले नाही. मला ते पाठ आहे. “सदर जागा या नगरपालिकेच्या मालकीची असून विनावापर पडून असल्याचे आपण निदर्शनास आणून दिल्याबद्दल आपले आभार.”

विनावापर. मी एकतीस वाफ्यांचे वर्णन दीड पान केले होते.

नाथाजी, खाली बसा. शिट्टी नंतर वाजवा. काय म्हणालात मुक्ताबाई? … होय. तुम्ही काय म्हणाला होता ते मला आठवते. आत्ताच मी ते सगळ्यांना ऐकवले.

पुढचे ऐकून घ्या, मग मला इथून उतरवायचे तर उतरवा. तो अर्ज घेऊन कचेरीत मी स्वतः गेलो नाही. मास्तराने खिडकीपाशी ताटकळत उभे राहायचे म्हणजे कसेसेच वाटते. हरिबा पेन्शनच्या कागदांसाठी रोज तिकडे हेलपाटे घालत होते. मी लखोटा त्यांच्या हातात दिला. त्यांनी विचारले, “मास्तर, सायबाच्या हातात द्यायाचं का टेबलावर?” मी म्हटले, साहेबांच्या हातात. आत काय आहे हे त्यांना सांगितले नव्हते. पण संक्रांतीनंतर मळ्याची नोटीस निघणार असे त्यांच्या कचेरीत कानावर आले, तेव्हा ते साहेबांकडे गेले ते हेच विचारायला, की मळा कशापायी काढताय. साहेबांनी माझा अर्ज काढून त्यांना वाचून दाखवला. बाहेर पडताना तीन जणांनी त्यांना पाहिले, ते तेव्हा. पेन्शन सुटले ते नुसत्या हेलपाट्यांनी.

म्हणजे चार महिने हरिबांना सगळे ठाऊक होते. आणि मला ठाऊक होते, की त्यांना ठाऊक आहे.

गेल्या गुरुवारी मी त्यांच्या घरी गेलो. उंबऱ्यावर बसून काथ्या वळत होते. मी विचारले, “हरिबा, तुम्ही लोकांना सांगत का नाही?”

मान वर केली नाही. म्हणाले, “सांगून काय हुतंय? मळा परत येतुय व्हय?”

“तुमचं नाव तरी…”

“मास्तर, तुमास्नी लोक मास्तर म्हणत्यात. लेकरं तुमच्या हाताखाली शिकत्यात. मला उभ्या जल्मात कोंडवाड्याचा हऱ्या म्हणत्यात. त्यात आनिक एक नाव वाढलं तर काय बिघाडलं?” मग काथ्याला पीळ देत म्हणाले, “पर मला वाटलं हुतं, तुमी बोलशीला. पैल्या आठवड्यात वाटलं हुतं. मग म्या वाट बघायची सोडली.”

मी इतकी वर्षे लोकांच्या ढोंगावर लिहीत आलो. सावकारांना, पुढाऱ्यांना, हुंडा घेणाऱ्या प्राध्यापकांना मी सोडले नाही. त्या उंबऱ्यावरून मी चहाही न घेता उठलो. खरे तर त्यांनी विचारलाच नाही.

तेव्हा बंधुभगिनींनो, घरभेद्या कोण, हे आज सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. चिटणीस लिहून घेत आहेत ना? स्पष्ट लिहा. अर्ज मास्तरांनी केला. सर्वांनी नको म्हटल्यावर केला. हरिबा गणू हजारे यांचा त्यात काही संबंध नाही. आणि नाथाजी, सत्काराची ती यादी तुमच्याकडेच असेल. तिच्यात एक नाव घाला आणि एक खोडा. संख्या तीसच राहील, नगरपालिकेला नारळाचा वाढीव खर्च नाही.

आता रीतीप्रमाणे आभार. अध्यक्षमहाराजांचे आभार, त्यांना हे सारे ठाऊक असून त्यांनी माझे नाव सभ्यपणे झाकले. हा सभ्यपणा कोणाच्या जिवावर चालला होता, याची त्यांना कल्पना नसावी. मुख्याधिकारीसाहेबांचे आभार, अर्जाला उत्तर देतात, हे त्यांनी एकदा तरी सिद्ध केले. मुक्ताबाईंचे आभार, सल्ला फुकट दिला, मी तो महाग केला. माझ्या बोलण्यात काही उणेअधिक झाले असेल तर उदार मनाने क्षमा करावी. लिहिण्यात झाले त्याला करू नये.

जाता जाता एकच. आपल्या मळ्याचा एक नेम होता, तो व्यासपीठावरच्या मंडळींना माहीत नसेल. ज्याने दुसऱ्याचे पाणी चुकवले, त्याने त्याच्या वाफ्याला चाळीस पोहरे शेंदून घालायचे. मुकाट्याने. माफी मागायची नाही. माफी मागणारा बोलत बसतो आणि दिवस बुडतो, असे नाथाजींचे मत होते. मी आज बोललोच फार.

हरिबांच्या वाफ्यात संक्रांतीपासून काही नाही. माती भेगाळली आहे. उद्या आठ वाजता तिथे यंत्र येईल, हे मला इथे बसलेल्या कोणाहूनही आधी कळले होते. पण आज मंगळवार, आणि मंगळवारची दुसरी पाळी त्यांची. अजून तासभर उजेड आहे. दोर आडावर असेलच. नसला तर घरून आणतो.

अध्यक्षमहाराज, चहासाठी मला धरू नका. हा हार तेवढा इथे टेबलावर ठेवतो. पाणी शेंदताना आड येतो.