पाचव्या चाकोरीचा निकाल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय लालासाहेब, सत्कारमूर्ती नाथाजीमामा कोळेकर, व्यासपीठावर बसायला तयारच नव्हत्या म्हणून हाताला धरून आणलेल्या अंजनामामी, इतर मान्यवर, गाडीमालक, गाडीवान, आणि मागे पत्र्याच्या शेडपर्यंत उभी असलेली सगळी शर्यतवेडी मंडळी, सर्वांना माझा नमस्कार.

मी गोमटेश मगदूम. मिरजेचा कॉम्प्युटरवाला. आमच्या घरात कुणी शर्यतीचा बैल पाळलेला नाही. मग कवठे महांकाळच्या मैदानावर याचं काय काम, असं तुम्हाला वाटेल. माझं काम एवढंच, की निकालाच्या रेषेवर मामांच्या शेजारी जे यंत्र बसलं, ते मी बसवलं. मला पाच मिनिटं दिली आहेत आणि निवेदक आत्ताच घड्याळाकडे बघतायत. बघू द्या. माझा विषयही वेळेचाच आहे.

शर्यतबंदीची वर्षं सोडून मामांनी चोवीस वर्षं या रेषेवर पंच म्हणून काम केलं. पहिल्या दिवशी मी त्यांना विचारलं होतं, "मामा, पाच गाड्या एकदम अंगावर येतात. तुम्ही बघता कुणाकडे?"

"कुनाकडंच न्हाई," ते म्हणाले. "गाडीकडं बघितलं की मन तिच्याकडं वडतंय. मी रेषेपल्याडचा खांब बघतो. जी जोडी आधी खांब झाकंल, ती पैली."

मला हसू आलं होतं. कारण माझ्याकडे तर पाच गाड्यांच्या पाच चाकोऱ्यांवर पाच प्रकाशकिरण होते. बैलाचं तोंड किरणात आलं की त्या चाकोरीच्या तारेवरून एक अक्षर कॉम्प्युटरमध्ये जायचं. कॉम्प्युटरच्या पाठीमागे अशी तार खोचायची जुनी जागा असते, तिला सिरीयल पोर्ट म्हणतात. अक्षर आलं की माझा प्रोग्राम वेळ लिहायचा. यात चुकणार काय?

दोन वर्षांपूर्वीची अंतिम फेरी इथल्या पोराटोराला पाठ आहे. पहिल्या चाकोरीत आपल्या अध्यक्षांची जोडी, पाचवीत धनाजीरावांची. आणि धनाजीराव म्हणजे मामांचे दाजी. मामांनी झेंडा केला पाचव्या चाकोरीकडे. यंत्र म्हणालं, पहिली, सोळा मिलिसेकंदांनी. म्हणजे सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले सोळा. गलका झाला, समितीनं माइक माझ्या हातात दिला, आणि मी म्हणालो, "माणसाला नाती असतात, यंत्राला नसतात."

टाळ्या पडल्या. टाळ्यांची मला लाज वाटते ती तेव्हापासून. मामांनी झेंडा गुंडाळून खुर्चीवर ठेवला आणि चालत घरी गेले. मागून कुणीतरी ओरडलं, "दाजीचा पंच!" ते नाव त्यांना अजून चिकटलेलं आहे. परवा इथं मांडव घालतानाही मी ते ऐकलं.

आठवड्याभरानं मी त्या दिवसाच्या निकालांचा कागद जेवता जेवता सहज चाळत होतो. अटीतटीचे निकाल चौदा. चौदाही वेळा कमी नंबरची चाकोरी जिंकलेली. आता पहिल्या चाकोरीला देव पावला असेल असं एकवेळ धरू. पण जी दुसरी पहिलीशी हरते, तीच तिसरीशी दरवेळी कशी जिंकते? मग फरक पाहिले. चार मिलिसेकंद, आठ, बारा, सोळा. कुठं सहा नाही, कुठं तेरा नाही. बैल काय चारचा पाढा म्हणत पळतात?

हातातला घास हातात राहिला. जेवण सोडून मी एक बटण घेतलं आणि पाचही तारांना एकदम जोडलं. दाबलं की पाचही अक्षरं एकाच क्षणी जाणार, वेळ सारखी यायला हवी. आली कशी? पहिली, मग चार मिलिसेकंदांनी दुसरी, मग तिसरी, आणि पाचवी सोळानं मागे. पळत्या बैलाला तेवढ्यात वीतभर पुढे जाता येतं.

दोष तारेचा नव्हता, माझा होता. तारेवरून आलेलं अक्षर आधी कर्नलच्या हातात पडतं. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचा सगळा कारभार बघणारा आतला गाभा. तो अक्षर बाजूला काढून ठेवतो. माझा प्रोग्राम मात्र सेकंदाच्या विसाव्या भागाची डुलकी काढायचा, उठायचा आणि पहिल्या तारेपासून एकेक तार तपासत जायचा, एका तारेला चार मिलिसेकंद. जिथं अक्षर सापडेल तिथं घड्याळ बघून वेळ टाकायचा. एका डुलकीत दोन गाड्या आल्या, की मी लिहायचो ती बैल आल्याची वेळ नव्हतीच. ती मला सवड झाल्याची वेळ होती.

हे सांगायला मी मामांच्या गोठ्यात गेलो. ते वैरण टाकत होते. सगळं ऐकून म्हणाले, "आरं, कारखान्यात ऊस घिऊन गेलं की नंबराचं टोकन कुटं देत्यात? गेटवर का वजनकाट्यावर?"

"गेटवर."

"मग तुजं टोकन काट्यावर का रं?"

मी इंजिनिअर आहे, हे त्या क्षणी कुणाला सांगू नये असं वाटलं.

मग मी थेट कर्नलमध्ये शिरलो. अक्षर तारेवरून आत पडताक्षणी, बाकी काहीही करायच्या आधी, त्यावर वेळेचा शिक्का बसावा अशी सोय केली. एकूण एक्केचाळीस ओळी. पुन्हा बटण दाबलं. आता फरक उरला तो सेकंदाच्या लाखाव्या भागांत.

पण त्या अंतिम फेरीची खरी वेळ? मी लय शोधली, मिरजेसारख्या शहरातला असलो तरी लय म्हणतो. ती नाही मिळाली, कारण ती कुणी लिहिलीच नव्हती. समितीला हे कळवलं, तेव्हा झालं गेलं, आता कशाला, असं ठरलं. खोटं कशाला बोलू, मलाही ते सोयीचं वाटलं.

गेल्या हंगामात मामा पुन्हा रेषेवर आले ते एका अटीवर. आपला निकाल ते आधी चिठ्ठीवर लिहिणार, मग यंत्राचा बघायचा. अटीतटीचे निकाल नऊ झाले. आठ जुळले. नवव्याला चिठ्ठीत तीन, यंत्रावर चार.

"पाढा तर न्हाई न्हवं?" मामांनी विचारलं. मी तिथल्या तिथं बटण लावून दाखवलं. पाढा नव्हता. त्यांनी एकदा खांबाकडे बघितलं. "मग माजी पापनी लवली," म्हणाले, आणि स्वतः माइकवर जाऊन चारचा निकाल दिला. त्याच दिवशी त्यांनी समितीला सांगितलं, की आता बास. म्हणून आजचा हा कार्यक्रम.

काल मी त्यांच्या घरी जाऊन म्हणालो, उद्या मी सगळं बोलणार. ते म्हणाले, "त्या फेरीच्या बक्षिसाची ढाल परत मागू नगंस. लालासायबाच्या बैलानं काय खोटं केल्यालं न्हाई. पर माजी पापनी बी सांग. एकाचीच चूक सांगितलीस तर निकाल अर्धा ऱ्हातो, गड्या."

तर पूर्ण निकाल असा. त्या अंतिम फेरीत यंत्रानं काहीही पाहिलं नव्हतं. पाहिलं होतं ते रेषेवर बसलेल्या एका माणसानं, आणि तो माणूस म्हणाला होता, पाच. 'माणसाला नाती असतात' हे माझं वाक्य मी याच माइकवरून मागे घेतो.

समितीनं बोलू दिलं, अध्यक्षांनी सकाळी सगळं ऐकूनही "बोल बिनघोर" म्हटलं, अंजनामामींनी काल मला उपाशी परत पाठवलं नाही, या सर्वांचे आभार. भाषण संपताना चूकभूल पदरात घ्या म्हणायची रीत आहे. आजवर मी ते सवयीनं म्हणत आलो. आज माझी चूक कोणती, ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे.

मामा, ती पदरात घेतली म्हणून तुम्ही मान डोलावल्याशिवाय मी खाली बसणार नाही.